जर्मन गाडीची खांदमळणी

आमच्या बाबांच्या तोंडी 'जर्मन' हे कुठल्या देशातल्या लोकांचं नाव नव्हतं, तो एक दर्जा होता. विहिरीवरची मोटर दोन उन्हाळे टिकली की ती जर्मन. बाजारातून आणलेला दोर ताण देऊनही तुटला नाही की तोही जर्मन. मी दहावीत शाळेत पहिली आले, तेव्हा बाबांनी पारावर बसून जाहीर केलं, "माही पोरगी जर्मन निंघाली." पुढे वर्षभर मैत्रिणी मला त्याच नावानं हाका मारत होत्या.

ह्या भक्तीचा उगम आदिलाबादच्या एका जिनिंगच्या आवारात होता. आमचं गाव पैनगंगेच्या आदिलाबादकडच्या काठावर आहे. तरुणपणी बाबा तिथून कापसानं भरलेली बैलबंडी घेऊन शहरात जात. जिनिंगच्या मालकाकडे एक जुनी जर्मन मोटार होती. एकदा ड्रायव्हर चहाला गेला होता, तेव्हा बाबांनी हळूच तिचं दार उघडलं आणि परत लावलं. बस, एवढंच. निर्मल गावच्या कारागिरांनी केलेल्या लाकडी पेटीचं झाकण बसावं तसं ते दार आवाज न करता बसलं म्हणे. बाबांनी ते तीनदा उघडलं, तीनदा लावलं, आणि ड्रायव्हर परत येऊन ओरडला तेव्हाच थांबले. त्या एका दाराच्या भांडवलावर त्यांनी आयुष्यभर त्या कंपनीची बाजू लढवली.

पुढे हातात मोबाइल आला आणि बाबांना त्या कंपनीचा सगळा इतिहास सापडला. रोज दुपारी बाजेवर पडून ते तो आईला ऐकवायचे. आई भाकरी थापता थापता 'हूं' म्हणायची. एका गोष्टीला मात्र तिनं तवा खाली उतरवला. ज्या माणसानं ती पहिली गाडी बनवली, त्याचा ती रस्त्यावर न्यायचा धीर होत नव्हता. शेवटी एका पहाटे त्याच्या बायकोनं त्याला न विचारता दोन पोरांना सोबत घेतलं आणि गाडी काढली ती थेट आपल्या आईच्या गावाला. तेल संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं, नळी तुंबली तर टोपीच्या पिनेनं साफ केली, आणि चढ आला की पोरं खाली उतरून ढकलायची.

"म्हंजे बनवली मानसानं, पन चालवली बाईनं," आई म्हणाली. "अन् ते बी माहेरी जायाले."

"मुद्दा तो नाई," बाबा म्हणाले. "मुद्दा इंजनचा हाये."

"माह्या मते मुद्दा तोच हाये," आई म्हणाली आणि तवा परत चुलीवर ठेवला. आईचं माहेर नदीपलीकडे आहे, आमच्या गच्चीवरून दिसतं. कापसाची वेचणी झाली की जाऊ, असं बाबा तिला माझ्या जन्माआधीपासून सांगत होते.

पण मला सांगायचं आहे ते गेल्या पोळ्याचं. आमच्या गावात पोळ्याचा मान आमच्या घराचा. आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, गावातल्या सगळ्या जोड्या त्याच्यामागे रांगेत उभ्या राहतात, आणि आमची जोडी खालून गेल्याशिवाय कोणाचाही बैल पाऊल टाकत नाही. बाबांना सरपंचपद नको होतं, कमिटी नको होती. त्यांना वर्षातली ती वीस-पंचवीस पावलं पुरत.

वैशाखात आमच्या पांढऱ्या जोडीतला उजवा बैल गेला. म्हातारा झाला होता, एका सकाळी उठलाच नाही. बाबा आमच्यासमोर रडले नाहीत. त्याचा कासरा धुऊन त्यांनी गोठ्यातल्या खुंटीला टांगला आणि त्या दिवसापासून त्याचं नाव घेणं बंद केलं. डावा बैल मात्र चारा खाताना उजवीकडे जागा सोडूनच उभा राहायचा. बाबा त्याच्यासाठी जोड शोधत पार इंद्रवेल्लीच्या बाजारापर्यंत फिरले. कुठे उंची जुळेना, कुठे रंग. आणि एकट्या बैलाला मान नाही, हा गावाचा जुना रिवाज. पोळा जवळ येऊ लागला तसे बाबा जेवणात मीठ नसलं तरी बोलेनासे झाले. आई म्हणाली, भांडले असते तर बरं झालं असतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी माझा धाकटा भाऊ हैदराबादहून आला तो जर्मन गाडी घेऊन. जुनीच घेतली होती त्यानं, पण पांढरीशुभ्र. मी शिकवते त्या आदिलाबादच्या शाळेला सुटी होती, म्हणून मीही त्याच्याच गाडीतून आले होते. आदिलाबाद मागे पडल्यापासून तो मला एकच गोष्ट सांगत होता, की बाबांना आज दार लावून दाखवायचं.

बाबांनी दार लावलं. एकदाच. मग त्यांनी ती गाडी बैल बघतात तशी बघितली. चारही बाजूंनी फिरले. खुर बघावेत तसे टायर वाकून बघितले. बॉनेट उघडायला लावून आत असे डोकावले, की ते दात मोजताहेत असं मला वाटलं. मग गोठ्यातून डाव्या बैलाला आणून त्यांनी गाडीच्या शेजारी उभं केलं आणि लांब जाऊन एक डोळा मिटून पाहिलं.

"रंग जुळते," ते म्हणाले.

भाऊ हसला. आई हसली नाही. ती बाबांना जास्त वर्षं ओळखत होती.

तासाभरात बाबा गावच्या जुन्या पटवाऱ्यांच्या ओसरीवर होते. नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली, तरी रिवाजाची कुठलीही तकरार त्यांच्याकडेच जाते. पटवाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि निकाल दिला. "कायदा साफ हाये. जोडी एका मालकाची पाह्यजे, एका गोठ्यातली पाह्यजे, अन् तिची खांदमळणी झाली पाह्यजे. शिंगं पाह्यजेत असं कायद्यात कोठंच नाई." मग आवाज उतरवून म्हणाले, "पन उन्हं उतरायच्या आत जोडी तोरणाखालून गेली पाह्यजे. नाई गेली तं मान दुसऱ्या घरी जाईन. मंग माह्याजवळ येऊ नको."

अशा रीतीनं संध्याकाळी त्या जगप्रसिद्ध कंपनीची गाडी आमच्या गोठ्यात, उजव्या बाजूच्या रिकाम्या जागी, शेणानं सारवलेल्या जमिनीवर उभी राहिली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात, वर्षभर जू ओढून तो दुखावलेला असतो म्हणून; हीच खांदमळणी. प्रश्न एवढाच होता की गाडीचा खांदा कुठला. भाऊ म्हणाला, गाडीला खांदा नसतो. बाबा म्हणाले, ओढते तिले खांदा असतोच. थोडा विचार करून त्यांनी पुढच्या दोन चाकांवरचा भाग ठरवला आणि लोण्यात कालवलेली हळद दोन्ही हातांनी चोळायला सुरुवात केली.

"बाबा, पॉलिश जाईन ना!" भाऊ कळवळला.

"काऊन जाईन? जर्मन हाये."

मग रिवाजाप्रमाणे त्यांनी आधी बैलाला आणि मग गाडीला निमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." भावानं माझ्याकडे बघितलं. मी गोठ्याच्या आढ्याकडे बघितलं.

पोळ्याच्या दिवशी दुपारी गाडी सजली. पुढे बाशिंग, बॉनेटवर आईच्या लग्नातल्या शालूची झूल, मागेपुढे झेंडूच्या माळा. वेसण कुठे घालायची ह्यावर बराच खल झाला. शेवटी बाबांनी खुंटीवरचा तो धुतलेला कासरा काढला आणि गाडीच्या डाव्या आरशाला बांधला. तेव्हा कोणी थट्टा केली नाही.

आखरापर्यंत सगळं नीट झालं. एका बाजूला बैल, एका बाजूला गाडी, मध्ये बाबा, दोन्ही हातांत दोन कासरे. लोक मोबाइल वर धरून उभे. आणि तोरण अगदी समोर असताना गाडी काळ्या मातीच्या चिखलात बसली. पोटच टेकलं तिचं. भावानं जोर दिला तशी चाकं जागच्या जागी फिरली आणि सगळा चिखल मागे उभ्या असलेल्या पटवाऱ्यांच्या धोतरावर गेला. इंजिनाच्या आवाजानं बैल बुजला. बाबा ओरडले, "बंद कर ते!"

बैल लावून ओढावी, तर पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. ट्रॅक्टर आणावा, तर गावातले ट्रॅक्टरही पुजून, कुंकू लावून उभे होते; त्या दिवशी त्यांनाही सुटी. मागे शंभरेक बैल ताटकळत होते आणि उन्हं पिंपळाच्या शेंड्यावर गेली होती. झडत्या, म्हणजे पोळ्याची चिमटे काढणारी कवनं, म्हणणाऱ्या गड्याला तर आयतंच कुरण मिळालं. त्यानं कानावर हात ठेवून जागच्या जागी जुळवली:

"शिंग नाई, शेपूट नाई, नाई गळ्यात घाटी,
चिखलात बसून जर्मन म्हणते, ढकला माह्या पाठी!
हर बोला हर हर महादेव!"

सगळं आखर हसलं. बाबा हसले नाहीत. ते पश्चिमेकडे बघत होते. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आपल्या हातून, आणि तोही असा हशात जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला भावाचा राग आला, गाडीचा आला, त्या जिनिंगमधल्या दाराचाही आला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आई पुढे आली. पोळ्याला बायका आखराच्या कडेला उभ्या राहतात, तोरणाजवळ येत नाहीत. आई सरळ गाडीपाशी गेली आणि भावाला म्हणाली, "उतर. तू धडधाकट हायेस, मांगून ढकल. सुकानू मी धरतो."

"माय, तुले येते का?"

"त्या बाईले कोनं शिकवलं होतं? तिची पोरं ढकलत होती ना? मंग ढकल."

भाऊ उतरला. आई बसली, पदर खोचला आणि स्टेअरिंग असं घट्ट धरलं, की जणू ते कोणी पळवून नेणार होतं. वीसेक जण मागे लागले. पटवारीही चिखलाचं धोतर वर खोचून आले. मीही लागले. एकदा ढकललं, गाडी हलली नाही. दुसऱ्यांदा हलली आणि परत बसली.

मग बाबा वाकले. झूल बाजूला सारून त्यांनी गाडीच्या हळद लावलेल्या खांद्यावर हात ठेवला आणि उजव्या बैलाच्या नावानं हाक मारली. शेतात नांगराचं तास धरताना मारायचे तशी, लांब आणि मोठ्यानं. वैशाखापासून ते नाव आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

हाकेसरशी गाडी निघाली असं बाबा आजही छातीवर हात ठेवून सांगतात. वीस माणसं त्यांच्या हिशेबात नाहीत. पण मी बघितलं ते सांगते. गाडीच्या आधी डावा बैल हलला. त्यानं कान उभे केले, उजवीकडे मान वळवून बघितलं आणि मग नेहमीसारखं पाऊल टाकलं. त्याच्या बरोबरीनं गाडी चिखलातून वर आली आणि दोघंही तोरणाखालून गेली. उन्हं अजून शेंड्यावर होती.

आई काही केल्या उतरेना. तेव्हा पोरांनी वाजतगाजत गाडी घरापर्यंत ढकलत आणली. एरवी जोडीला ओवाळायला दारात आई असते. त्या दिवशी ती सुकाणूवर होती, म्हणून ताट घेऊन मी उभी राहिले. मी कुंकू लावलं, ओवाळलं. बाबांनी ताटातली पुरणाची पोळी घेतली, अर्धी डाव्या बैलाला दिली आणि उरलेली अर्धी घेऊन सवयीनं उजवीकडे हात पुढे केला.

तिथे कोणी तोंड पुढे करणार नव्हतं. बाबा हात तसाच धरून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हात मागे कसा घ्यावा हे त्यांना कळत नव्हतं.

गाडीची बाबांच्या बाजूची काच उघडी होती. आईनं सुकाणू सोडून शेजारच्या सीटवर सरकत मान बाहेर काढली आणि सगळ्या गल्लीदेखत बाबांच्या हातातली ती पोळी खाल्ली.