गोदूबाईचे गुडघे

गोदूबाई उभ्या जन्मात मोटारीत बसली नाही. मुरुडची माणसं तिला हट्टी म्हणायची, काहींनी तर तिला खुळीच ठरवली. म्हणोत बापडी! ज्यांनी ती डोंगराची वाट कधी चढली नाही, त्यांनी तिच्या पायांविषयी बोलूच नये, असं माझं सरळ मत आहे.

नवरा बोटीवर खलाशी. वर्षाकाठी यायचा, तोही आला तर आला. घर चालायचं ते गोदूबाईच्या पायांवर. होड्या किनाऱ्याला लागल्या की डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर माशांची पाटी, आणि बाई निघाली दापोलीला. सडक वळणं घेत जाते. गोदूबाई आसूदच्या बागांतून सुटली की सरळ डोंगरालाच भिडायची. आधी निसरडी घाटी, मग तापलेला कातळ, मग करवंदीच्या जाळ्या, आणि वर सडा, म्हणजे माथ्यावरचा उघडा सपाट माळ. सड्यावर तर ती चक्क धावायची, पाटीला हातसुद्धा न लावता. गुराखी गुरं सोडून बघत राहायचे. मासळी काही कुणासाठी थांबत नाही. ऊन चढलं की खेळ खलास. म्हणून दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर लोकांच्या दारी जी बाई आधी पोचेल, तिचीच पाटी रिकामी व्हायची. गोदूबाई रोज आधी पोचायची. त्या दारांवर तिचं पोट होतं आणि तिचा तोराही.

सोबतीला साऊ असायची, म्हणजे शेजारची सावित्री. गोदूबाई नवी नवरी होती तेव्हा डोक्यावर पाटी पेलायला हिनंच शिकवलं होतं. पुढं गोदूबाईनं तिला डोंगरातली वाट दाखवली. चढण जाणवू नये म्हणून गोदूबाईच्या तोंडाची टकळी सारखी चालू. सुभेदारीणबाईंना सरंगाच लागतो, पोस्टमास्तरांकडं कोळंबी संपते, कुणाची सून माहेरी गेलीय, सगळं साऊच्या कानात ओतायची. साऊ हूं हूं करत मागून यायची.

एकोणीसशे तिसाच्या सुमारास सडकेवर मोटार धावायला लागली. तेव्हा मासेवाल्या बाया एकत्र जमल्या. एक बसली की सगळ्यांना बसावं लागणार, आणि मग मासे विकायचे ते काय भाडं भरायला? देवीपुढं नारळ ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली, पाटी घेऊन कुणी मोटारीत चढायचं नाही. नारळावर सगळ्यांत आधी हात ठेवला तो साऊनं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर साऊचा गुडघा धरला. घाटी चढवेना म्हणाली. गोदूबाईचा जीव कळवळला. तुझे अर्धे मासे माझ्या पाटीत टाक, मी विकते, तू सडकेनं सावकाश ये आणि वाटेतल्या गावांत खपेल ते खपव, असं तिनं सांगून टाकलं. झालं! रोज दीडपट ओझं घेऊन बाई डोंगर चढायला लागली. संध्याकाळी एरंडाची पानं शेकून साऊच्या गुडघ्याला बांधायचीही हीच. नवऱ्याचे पाय कधी चेपले नसतील इतके तिनं त्या बयेचे चेपले.

आणि नेमकी तेव्हापासून कॅम्पातली दारं बंद व्हायला लागली. आज नको, घेतले, असं जो तो दार न उघडता आतूनच सांगायला लागला. गोदूबाईला वाटलं, आपणच मंदावलो. मग ती आणखी जोरात धावायला लागली. ठेचा लागून बोटं फुटली, मान अवघडली, तरी साऊचे मासे आधी खपवायचे आणि मग आपले, हा नेम तिनं मोडला नाही. आपले उरले तर उरले.

एक दिवस सुभेदारीणबाईंनी तिला दारात पाहिलं आणि त्या चकितच झाल्या.

"अगं, तू कशाला चढून आलीस? तुझी सावित्री सांगत होती, गोदूबाईचे गुडघे गेले, आता ती यायची नाही. आताच सरंगे देऊन गेली ती. मोटारीनं येते ना रोज."

गोदूबाईनं पाटी उचलली आणि तडक मोटारीच्या अड्ड्यावर गेली. साऊ मोटारीत खिडकीशी बसली होती, रिकामी पाटी मांडीवर घेऊन. हिला पाहून तिचा चेहरा पडला.

"माजे गुडघे गेले म्हनून सांगितलंस?"

"तसं सांगितल्याबिगर त्यांनी माज्याकडून घेतलंच नसतं," साऊ म्हणाली. "तुज्यासारखे पाय मला कुटं हायत गो?"

"मोटारीत बसलीस त्याचं काय न्हाय. शपथ मोडलीस, ते देवी आन तू बघून घ्या. पन मी पाला बांधत होते, लय दुखतंय का म्हनून इचारत होते, तवा तुला काय वाटत होतं, तेवडं सांग."

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. गोदूबाईनं पाटी खाली उतरवली. डोंगरावरून वाहून आणलेले साऊच्या वाटणीचे बांगडे काढले आणि खिडकीतून तिच्या पाटीत टाकले. आता तरी ही एखादा शब्द बोलेल म्हणून ती उभी राहिली.

साऊनं बांगडे मऊ पडलेत का, एवढं बोटानं दाबून पाहिलं.