आबांच्या खाटेखालच्या दोन विटा

"या वेळी ताट रिकामं झालं पाहिजे, सांगून ठेवते!" नाशिकहून निघताना बायकोने दारातच बजावलं. तिचं तरी काय चुकलं? आमच्या लेकीची, कमळची, मागची सोयरीक मोडली ती माझ्या आम्लपित्तापायी. घशाशी येईल या भीतीने मी तिथल्या रश्श्याला शिवलोच नाही. पाहुणा जेवला नाही म्हणजे मनात खोट आहे, असं त्या मंडळींनी धरलं. आता धुळ्याकडचं स्थळ होतं, आणि खानदेशची मिरची काय असते हे मी ऐकून होतो. खिशात खायच्या सोड्याची पुडी ठेवली आणि गाडीत बसलो.

चाळीसगावला गाडी बदलली, धुळ्याचा फाटा धरला, आणि खिडकीला जो चिकटलो तो हललोच नाही. जिकडे पाहावं तिकडे फुटलेला कापूस! नजर पोहोचेल तिथवर रान पांढरं. आम्ही द्राक्षाकांद्याची माणसं, एवढा कापूस जन्मात पाहिला नव्हता. पोटातली जळजळसुद्धा तेवढा वेळ विसरलो.

धुळ्याला बैलगाडी घेऊन मुलाचे आजोबा स्वतः आले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. सत्तरी उलटलेली, पण पाठ ताठ. घरी पोचताच त्यांनी मला आपल्या खाटेवर टेकायला लावलं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन विटा होत्या. मुंग्यांसाठी असतील, असं म्हणून मी लवंडलो. आश्चर्य म्हणजे आडवं होताच घशाशी येणारं पाणी त्या दुपारी आलं नाही.

उन्हं कलायच्या आत सगळे वावरात (शेतात) गेलो. तिथे भरताचा बेत होता. अहो, काय तो थाट! कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ आणि त्यावर हिरवट-पांढरी वांगी, शंभराला कमी नसतील. ती सोलून बडगीत (लाकडी कुंडीत) घातली. दोन गडी घाम गाळत कुटायला लागले. वरून हिरव्या मिरच्या पडल्या, त्या ओंजळीने नव्हे, टोपलीने! मी हात जोडायचेच बाकी होते. लेकरंबाळं, म्हाताऱ्या, सारे कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर ते भरत हसत खात होते.

"जेवा भाऊ, लाजू नका," मुलाचे वडील म्हणाले.

कमळचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि घास घेतला. छातीत वणवा पेटला! डोळे पुसायचं निमित्त करून सोड्याची पुडी काढली, तर समोर आबा.

"पोटमा आग शे का (पोटात आग आहे का)?" त्यांनी हळूच विचारलं.

आता लपवणार काय? मागची मोडलेली सोयरीक मी सगळी सांगून टाकली. आबांनी माझं ताट उचललं. संपलं म्हटलं हेही स्थळ! पण त्यांनी आपलंच ताट माझ्यापुढे सरकवलं. त्यातलं भरत पांढरं होतं. मिरचीचा मागमूस नव्हता.

"मन्हा पोटमा बी आग शे, भाऊ. बारा वरीस व्हई गयात, मिरचीले हात लाया नही. दिन बुडाना पहिले जेवस (सूर्य बुडायच्या आत जेवतो), मंग वावरभर चालस. जेवणवर आडं पडत नही. आनि खाटखाले दोन इटा, उसं उंच ऱ्हावाले (उशाची बाजू उंच राहायला)."

टोपलीभर मिरचीच्या त्या वासात हा माणूस बारा वर्षं बसतोय, शंभर जणांना वाढतोय, आणि जिभेला एकदाही सैल सोडत नाही! मला तर चहाचा कप सुटत नव्हता.

"पण मी ताट टाकलं तर मंडळी काय म्हणतील?"

"तुम्ही घर दखाले उनात (पाहायला आलात), पोट जाळाले नही," म्हणून आबा हसले आणि मला सोबत घेऊन बांधाबांधाने चालायला लागले. मुलाच्या वडिलांनी टाकलेल्या ताटाबद्दल चकार शब्द काढला नाही, उलट मागून हाक मारून कुंकवाचा (सोयरीक पक्की करायचा) दिवसही तेव्हाच विचारला.

घरी परतलो तर बायको उंबऱ्यातच उभी होती.

"ताट रिकामं केलंत ना?"

"टाकलं. आणि सोयरीक पक्की करून आलो." ती कपाळाला हात लावणार तोच मी सगळं सांगितलं. "अगं, परक्या माणसाची जळजळ न सांगता ओळखली त्यांनी. आपल्या पोरीला तिथे रडून काही सांगावं लागायचं नाही."

दाराआड कमळ ऐकत होती. ती परसात गेली, दोन विटा घेऊन आली, आणि माझ्या खाटेच्या उशाशी वाकली.