लेबल मी वाचायचो

आमच्या गावातला पहिला बी.ए. मी. रोज सायकल मारत आर्णीच्या कॉलेजात गेलो आणि कुणाच्या चिठ्ठीशिवाय पास झालो, हे मी आजही सांगतो. नोकरी मात्र लागली नाही. तेव्हा गावानेच माझ्या शिक्षणाला काम शोधून दिलं.

बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, खाऊन टाकलेली ती वर्षं. दुकानातून दर पंधरवड्याला नवं औषध यायचं आणि त्यावर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. फवारणीच्या सकाळी शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून हाक यायची, "ओ बी.ए. साहेब, या लवकर! नाही तं आम्ही अळीऐवजी पऱ्हाटीच मारतो."

मी जायचो. बाटली डोळ्यांजवळ धरून पंपाला किती झाकणं ते सांगायचो. मग मिसळूनही मीच द्यायचो. काडीने ढवळलं की पावडरीच्या गाठी तशाच राहतात, हे मीच शोधून काढलं होतं. बाही वर सारून कोपरापर्यंत हात ड्रममध्ये घालायचा आणि गाठी बोटांनी फोडायच्या. दोन-तीन औषधं एकत्र असली की हात चुरचुरायचा. साबणाने धुतला तरी दुपारच्या भाकरीला तोच वास. लोक म्हणायचे, "याचा हात लागला की औषध लागते." मला ते आवडायचं.

हातमोजे घाला, असंही त्या लेबलवर असायचं. ते मी वाचलं होतं, मोठ्याने मात्र कधी वाचलं नव्हतं. गावात हातमोजे कुणाकडे होते? हसले असते मला.

लग्नाला चार वर्षं झाली आणि मूल नव्हतं. आईने बायकोला मंगळवार धरायला लावले, झाडपाल्याचं कडू पाणी पाजलं. पुसदच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या सगळ्या तपासण्या करून सांगितलं, "हिच्यात काही दोष नाही. नवऱ्याला पाठवा." आई घरी येऊन म्हणाली, "बाईले काय समजते? माह्या पोराले काय झालं?"

मी कुणाला न सांगता यवतमाळला गेलो. लॅबवाल्याने झाकणाची छोटी डबी हातात देऊन संडासाकडे बोट दाखवलं. बाहेर लोक रांगेत उभे होते आणि आतली कडी नीट लागत नव्हती. त्याहून जास्त मी काही लिहिणार नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून आधी धंदा विचारला. मी ढवळण्याचं सांगितलं तसे ते माझ्या हाताकडे बघू लागले. शुक्राणू फार कमी आहेत, जे आहेत त्यांची हालचालही नीट नाही, असं ते म्हणाले. काही औषधं अंगात गेली की हार्मोनचं सोंग घेतात, शरीर फसतं आणि पुरुषाचं बीज तयार होण्याचं काम बिघडतं. "त्यानेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण उद्यापासून हात घालू नका."

रिपोर्ट मी पेटीत ठेवला, डिग्रीच्या कागदाखाली. पाच महिने तो तिथेच होता. त्या पाच महिन्यांत बायको कडू पाणी पीत राहिली आणि मी बघत राहिलो. पानठेल्यावर कुणी सहज विचारायचं, "काय साहेब, गोड बातमी कधी?" मग मी ठेल्यावर जाणं सोडलं. फवारणीला हाक आली की कंबर धरली म्हणून सांगायचो. हळूहळू हाका थांबल्या. वावराच्या टोकाला बोरीखाली एकटाच बसायचो. तिथून सगळ्यांचे पंप दिसायचे.

मग धाकट्या भावाच्या बायकोचं डोहाळजेवण आलं. अंगणात बाया जमल्या होत्या. माझी बायको ओटीचं ताट घेऊन पुढे झाली, तर आईने ते तिच्या हातून काढून घेतलं. "तू राहू दे वो. आज वावरात जाय, तुरीकडं पाहून ये."

ती खुंटीवरचा रुमाल घेऊन निघाली.

मी आत गेलो, पेटी उघडली आणि रिपोर्ट घेऊन अंगणात उभा राहिलो. लेबल वाचायचो तसाच मोठ्याने वाचला. आधी इंग्रजी, मग मराठी. "दोष माहा आहे," म्हणालो. "तिचा नाही." बायांनी पदर तोंडाला लावले. आई म्हणाली, "येडा झाला काय? बायांपुढं असं बोलते का कोणी?" मला मात्र छाती हलकी झाल्यासारखी वाटली. पास झालो तेव्हा वाटलं होतं तसंच.

बायको दारात थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"कधीचा आहे कागद?" तिने विचारलं.

"पोळ्याच्या आधीचा."

"म्हणजे मी पाणी पिऊन राह्यली होती तवा तुमाले मालूम होतं. अन् आज बी आधी गावाले वाचून दाखवलं. मले नाही."

त्याच दुपारच्या एसटीने ती फुलसावंगीला, माहेरी गेली. घरात कुणी माझ्याशी धड बोलेना. आई ताट वाढून आत जायची. मी जेवून ताट स्वतः घासायचो.

तूर निघाल्यावर एक दिवस ती परत आली. पिशवी ठेवली, हातपाय धुतले. आई शेजारी गेली होती. ती पेटीजवळ खाली बसली.

"तो कागद काढा," म्हणाली. "आता मले वाचून दाखवा. हळूहळू. मंधातलं काही गाळू नका."

मी वाचू लागलो. पहिल्या ओळीवरच अडलो. ती म्हणाली, "घाई नाही," आणि वाट पाहत बसली.