माझ्या तोंडातले शेठजी

शेठजींनी कोसा रेशमाचं पातळ उजेडात धरलं आणि बाबांच्या अंगावर फेकलं.

"पातळ विणलं का पोतं बे? पोरीसमोर तरी शरम कर."

बाबा ओट्याखाली उभे होते. चपला हातात. विणकरांनी पायऱ्या चढायच्या नाहीत, ही दुकानाची रीत. मी वर, गादीच्या कडेला. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी शेठजींनी मला पवनीच्या या दुकानात माल तपासायला ठेवलं होतं.

बाबांनी पातळ उचललं, झटकलं, घडी घातली. "हव जी," एवढंच म्हणाले.

मला राग आला. शेठजींचा नाही, बाबांचा. त्या दिवशी मी मनातल्या मनात बाप बदलला. बाप असावा तर असा, ज्याच्या आवाजानं माणसं हलतात. शेठजी मला बेटा म्हणायचे. मी त्यांच्यासारखी कापडावर बोट आपटायला शिकले. समोरच्याकडे न बघता बोलायला शिकले.

मग एकदा ते बाहेरगावी गेले. गादी माझ्याकडे. रांगेत बाबांची पाळी आली. त्यांच्या पातळाच्या काठाशी दोन धागे तुटलेले. मी मान वर न करता बोलले,

"पातळ विणलं का पोतं? घेऊन जा."

मागचा म्हातारा विणकर हसला. "पोरगी तं शेठजीच्या वर निघाली गा!"

बाबा हसले नाहीत.

"हव जी, मॅडम."

जी. मला.

ते गेले. मी त्यांच्यामागे धावले नाही. उरलेला सगळा माल तपासला. हेच आजही टोचतं.

दुसऱ्या दिवशी शेठजी परतले, तशी दुकानाची किल्ली त्यांना परत केली. "क्या हुआ, बेटा?"

"मी तुमची बेटा नाही जी. ओट्याखाली उभा राहते ना, त्याची पोरगी आहो."

बाबांची माफी मात्र मागितली नाही. घरी ते म्हणाले, "जेवून घे." मी जेवले. आता ते नाहीत.

मी अजून मालच तपासते, विणकरांच्या संस्थेत. परवा एका बाईच्या पातळात धागे तुटलेले दिसले. बोट आपटायला उठलं. शब्द घशापर्यंत आले. मी गादीवरून खाली उतरले, तिच्या शेजारी बसले, धागे दाखवले.

शेठजी माझ्यातून जायचे नाहीत. त्यांना मीच बाप केलं होतं. पण माझ्या तोंडून ते पुन्हा बोलणार नाहीत.