कानामागचं हाड

संग्रहालयाच्या तळघरात हाडांची कोठी होती आणि बावीस वर्षं ती एकाच बाईच्या ताब्यात होती. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. निम्मी खोकी तिच्या आजोळच्या डोंगरातली, तिच्याच आदिवासी जमातीच्या दफनभूमीतून उकरून आणलेली. त्यातल्या कवट्यांना ती 'आमची मंडळी' म्हणे.

एके दिवशी शहरातल्या एका प्रयोगशाळेचे डॉक्टर संचालकांची चिठ्ठी घेऊन आले. जुन्या हाडांतून डीएनए काढून या जमातीतलं वैविध्य अभ्यासायचं होतं, त्यासाठी कानामागचं टणक हाड हवं होतं. डोंगरातल्या आमच्या गावाला विचारलंत का, असं मावशीने विचारलं. तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांचं आता कोण उरलंय, म्हणून डॉक्टर हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चिठ्ठी वरून आलेली. तिने नऊ कवट्या मोजून दिल्या आणि बजावलं, एकाच बाजूचं हाड घ्या, दुसरं पुढच्या अभ्यासकांना राहू द्या.

दोन महिन्यांनी कवट्या परत आल्या. नऊच्या नऊ दोन्ही बाजूंनी कापलेल्या.

वर्षाने लेख छापून आला. शाळेत शिकवणाऱ्या भाचीने तो वाचून दाखवला. डीएनए वाचायचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे आभार होते, गावाचं नावही नव्हतं. शेवटी लिहिलं होतं की या लोकांचं आजच्या कोणाशी नातं आहे का ते कळलं नाही, कारण तुलनेसाठी त्यांचे वंशज सापडले नाहीत.

"सापडले नाहीत?" मावशी म्हणाली. "मीच तर सही घेऊन कवट्या त्या डॉक्टरच्या हातात दिल्या."

ती रजा टाकून आजोळी गेली आणि मामांसह सात जाणत्यांना घेऊन थेट संचालकांच्या खोलीत शिरली. संचालकांनी चहा मागवला. कोणी कपाला हात लावला नाही. संशोधनाने तुमचाच इतिहास उजेडात येईल, असं ते बराच वेळ सांगत राहिले.

"इतिहास आम्हालाही हवाय," मामा म्हणाले. "पण घर आमचं, माणसं आमची, आणि दार न वाजवता आत शिरणार तुम्ही. हे चालणार नाही."

संचालकांना ते मानावं लागलं; तेव्हापासून गावाच्या पत्राशिवाय त्या डोंगरातलं एकही खोकं उघडत नाही. मावशीची बदली मात्र तिकीट खिडकीवर झाली. डॉक्टरांनी नव्या अभ्यासासाठी संमतीचा छापील अर्ज धाडला. आधी कापलेले तुकडे परत द्या, असं गावाने कळवलं. त्यांची पूड झाली, ती वापरून संपली, असं उत्तर आलं.

अर्ज अजून कोराच आहे.