एकच ठोका

आधीच सांगून टाकते, मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांनी लिंबू-मिरचीचं काही विचारलं की तासभर बौद्धिक घेणारी बाई मीच. या ग्रुपवर मागे एका दादांनी "घाटात गाडी आपोआप थांबली, पुढे बघतो तर दरड" अशी पोस्ट टाकली होती. तिच्याखाली "डिझेल फिल्टर बदला" एवढंच लिहून मी मोकळी झाले होते. दादा, तुमची आज माफी मागते. फिल्टर बदलला असेल तर उत्तमच... पण माफी मागते.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. छोटंसं रो-हाऊस, पुढे सिमेंटची सपाट पोर्च, आणि तिथे आमची अकरा वर्षांची पांढरी डिझेल गाडी. नवरा टेंभुर्णीला नोकरीला, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. घरी मी, सासूबाई आणि आठ वर्षांची गार्गी. सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा म्हणायची. नवऱ्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. हातात पाना दिला तर तो त्यानं पाठ खाजवेल. ऑइल बदलण्यापासून क्लच केबलपर्यंत मला सगळं शिकवलं ते मामांनी.

मामा बसच्या डेपोत मेकॅनिक होते, पस्तीस वर्षं. रिटायर झाल्यावरही रविवारी सकाळी चहा झाला की हाक यायची, "काय वो मॅडम, उघडायची का आज?" आणि आम्ही दोघं पोर्चमध्ये. त्यांचा एक नियम होता, डेपोतून आणलेला. ज्यानं बोल्ट आवळला, त्यानं त्यावर खूण करायची नाही. मी आवळणार, मग मामा स्वतः पाना लावून बघणार, आणि घट्ट असला तरच काडीनं पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका देणार. मी कधी कंटाळून म्हणायचे, "मामा, लागलाय हो, मी लावलाय ना." ते म्हणायचे, "तुमी लावला म्हणूनच मी बघतो की. आपल्या हाताची चूक आपल्याला दिसत न्हाय."

दुसरी सवय ठोक्यांची. डेपोत मामा गाडीखालच्या खड्ड्यात, वर इंजिन चालू, ओरडलेलं कुणाला ऐकू जाणार? म्हणून खालून पान्यानं लोखंडावर ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे सगळं ठीक, गाडी हलवा. एकच ठोका म्हणजे जागची हलवायची नाही. घरीही तेच चालायचं. आत्या ओट्यावर गहू निवडत बसलेल्या असायच्या, त्यांनाही ते पाठ होतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मामा गेले. चार दिवस ताप आला आणि गेले. मला त्यांचा राग आला होता, खरंच सांगते. एवढं शिकवून ठेवलं आणि मला एकटीला सोडून गेले म्हणून.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीतला बुधवार होता. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आत्यांना आणि गार्गीला घेऊन अक्कलकोटला जायचं ठरलं होतं. पुढचे ब्रेक पॅड झिजले होते, म्हटलं जायच्या आधी बदलून टाकू. दुपारी जेवण झाल्यावर आत्या आत झोपल्या, गार्गी शेजारी खेळायला गेली, आणि मी जॅक लावला. पॅड दाबून धरणारा जो कॅलिपर असतो, त्याला प्रत्येक चाकाला दोन बोल्ट. म्हणजे एकूण चार.

आणि इथे मी ती गोष्ट केली, जी वर्षभर कुणाला सांगितली नव्हती. पेंटची डबी उघडलेली होती, काडी हातात होती. नियम पाळायला आता दुसरं माणूस कुठून आणू? आणि डबी सारखी उघडझाक करायचाही कंटाळा. मी चारही बोल्टवर आधीच ठिपके देऊन टाकले. म्हटलं आवळणारी मीच, बघणारीही मीच, काय फरक पडतो? मग एकेक बोल्ट हातानं फिरवून बसवला आणि पान्यानं आवळत गेले.

तीन झाले. चौथा हातानं अडकवला, पाना लावणार तेवढ्यात गॅसचा सिलिंडर आला. तो आत घेतला, शेगडीला लावून पाहिला, गळत तर नाही ना बघितलं. दहा मिनिटांनी बाहेर येऊन पाहिलं तर चौथ्या बोल्टवर पिवळा ठिपका. म्हटलं झालेलं दिसतंय. चाक चढवलं, नट आवळले, पेडल दाबून बघितलं, हात धुतले. मला वाटलं काम चोख झालं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला आम्ही निघालो. लख्ख ऊन होतं. गार्गी हट्टानं पुढे माझ्या शेजारी बसली, आत्या मागे, मांडीवर डबा. मी किल्ली घातली, अजून फिरवली नव्हती. आणि खालून ठोका आला. लोखंडावर लोखंड. एकच.

मी थांबले. इंजिन बंद, गाडी सपाट सिमेंटवर, तिघीही स्थिर बसलेल्या. मला वाटलं मांजर असेल. किल्ली फिरवायला हात उचलला आणि मागून आत्यांचा आवाज आला.

"एकच वाजला. हालवू नगंस."

अंगावर काटा आला, कारण आत्यांना अलीकडे काही वर्षं ऐकू येत नाही. म्हणजे मशीन लावलं तर येतं, पण ते शीळ घालतं म्हणून त्या लावत नाहीत. हाका मारून मारून घसा बसतो माझा. त्या दिवशीही मशीन कपाटात डबीत होतं, नंतर मी मुद्दाम उघडून बघितलं.

मी खाली उतरले, वाकून बघितलं. मांजर नाही, काही नाही. गार्गीला विचारलं, "तुला काही आवाज आला का गं?" ती म्हणाली, "कसला आवाज?" शेजारच्या गल्लीतला कुल्फीवाला जिला ऐकू येतो, तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी चिडले. भीती वाटली की मी चिडते. आत बसून म्हटलं, "आत्या, काही नाहीये खाली, उशीर होतोय." आणि पुन्हा एक ठोका. या वेळी माझ्या पायाखालच्या पत्र्याला तो जाणवला. आत्यांचं माहेर कर्नाटकातलं, घाबरल्या की त्यांना कानडी येतं. "बेडा, बेडा," नको नको म्हणत त्या दार उघडून उतरल्या, गार्गीला दंडाला धरून उतरवलं आणि मला म्हणाल्या, "त्ये नगं म्हनत्यात तर नगंच. चाक काड."

सणाच्या साडीत मी जॅक लावला. उजवं चाक काढलं, दोन्ही बोल्ट घट्ट. मनात म्हटलं, बघा, उगीच. मग डावं काढलं. वरचा बोल्ट घट्ट होता. खालच्याला पाना लावायची वेळच आली नाही, तो दोन बोटांनी फिरला. दोन आटे फक्त अडकलेला. त्यावर माझा पिवळा ठिपका तसाच, चकचकीत.

ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. तो बोल्ट रस्त्यात निघाला असता तर कॅलिपर उलटून चाकात अडकला असता, किंवा ब्रेकची नळी तुटून पेडल फुकट गेलं असतं. अक्कलकोट रोडला ट्रक किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. मी तिथेच सिमेंटवर बसले आणि रडले. आत्या माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, सैल बोल्टचाच आवाज असणार. मलाही तेच हवं होतं. पुढच्या आठवड्यात मी तो बोल्ट मुद्दाम तेवढाच सैल केला, गाडीत बसले, उठले, दारं आपटली, गाडी हलवून बघितली. सकाळी उन्हात, संध्याकाळी गार झाल्यावर, पाच दिवस. टिक् नाही की टुक् नाही. तेव्हा कृपा करून मला पत्रा तापून वाजतो हे शिकवू नका, ते मी सातवीला शिकवते. बोल्ट राहिल्याचं मनात कुठेतरी आठवत असेल, म्हणून मला भास झाला, हेही मी मान्य केलं असतं. पण आत्या तर बुधवारी झोपल्या होत्या. त्यांना बोल्टबद्दल कुणी सांगितलं? आणि ज्या बाईला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, तिला ते कसं ऐकू आलं? वर्ष झालं, मी अजून हेच विचारतेय.

आता बोल्ट मी आवळते आणि आत्या पाटावर बसून पाना लावून बघतात. नवऱ्याला आम्ही इतकंच सांगितलं होतं की त्यांना चक्कर आली म्हणून जाणं रद्द केलं. आत्याच म्हणाल्या होत्या, "त्येला सांगू नगंस, गाडी इकून टाकंल." पण हे इथे लिहायचं तर आधी त्याला सांगायला हवं होतं. गेल्या रविवारी सकाळी सगळं सांगितलं, ठिपक्यासकट. हा माणूस एरवी माझ्या गाडीवेडाची टिंगल करतो, मला वाटलं हसेल, नाहीतर ओरडेल. ठोक्याबद्दल त्यानं एक अक्षर विचारलं नाही.

"गार्गी पुढं बसली होती की मागं?" त्यानं विचारलं.

"पुढं. डाव्या बाजूला."

तो उठला. गार्गी आतल्या खोलीत गृहपाठ करत होती, तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसला. ती म्हणाली, "काय झालं बाबा?" तो म्हणाला, "काही नाही गं, तू लिही." आणि तिचं लिहून होईपर्यंत तिथेच बसून राहिला.