एका बैठकीला एक चित्र

भुताला घाबरणारी माणसं गावोगाव सापडतात. पण भूत येत नाही म्हणून रुसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो सावली गावच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. सगळे त्यांना भाऊ म्हणत. दवाखान्यामागच्या खोलीत भाऊ एकटे राहत. बायको चिमूरला माहेरी गेली ती तिकडचीच झाली. "भूत आलं तरी चालते, मास्तर," ते म्हणायचे, "चहा टाकतो. पण तेही इकडे फिरकून नाई राह्यलं." सोबतीसाठी त्यांच्या युक्त्याही अजब. बोटात काटा रुतलेला माणूस आला तर कोपरापर्यंत पट्टी बांधत. बांधता बांधता त्याच्या बैलापासून सासुरवाडीपर्यंत सगळी चौकशी होई, आणि पट्टी सोडायला त्याला पुन्हा यावं लागे ते वेगळंच.

पण त्यांची हुकमी युक्ती म्हणजे ते पुस्तक. आजोबांच्या वेळचं, शिळाछापाचं, वाळवीनं कडा खाल्लेलं आणि लाल फडक्यात बांधलेलं. त्या झाडीपट्टीच्या रानमुलखातल्या जादूटोण्याचं नि दंतकथांचं. पानोपानी चित्रं: मंत्रानं गारा अडवणारा गारपगारी, शिवेवर वाघाचं तोंड बांधणारा पुजारी, उलट्या पायांची चेटकीण. नियम एकच, एका बैठकीला एक चित्र. आधी हात धुवायचे, मग चहा, मग भाऊ मोरपिसानं पान उलटणार, त्याची गोष्ट सांगणार आणि लगेच फडक्याला गाठ. मी नागपूरहून आलेला शाळामास्तर, जन्माचा उतावळा. एकदा ते साखर शोधायला पाठमोरे झाले तेव्हा मी हळूच पुढच्या पानाला बोट लावलं. मान न वळवता भाऊ म्हणाले, "घाई काऊन करून राह्यले, मास्तर? पुस्तकाले का पाय फुटले?"

गंमत अशी, की त्या पुस्तकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तो बसला माझा, बी.ए. झालेल्या माणसाचा. एका पानावर साहेब वश करायचा तोडगा होता. नागपूरला बदली मिळावी म्हणून मी हेडमास्तरांच्या खुर्चीच्या गादीखाली हळदकुंकू भरून मंतरलेलं लिंबू ठेवलं. हेडमास्तर देहानं भारदस्त. बसले आणि लिंबू फुटलं. लिंबाचा रस धोतरावर, हळदकुंकू कोटावर आणि संशय थेट माझ्यावर. बदली झाली, पण अहेरीला. म्हणजे होतो त्याहून आणखी रानात. हे ऐकून भाऊ खोकला येईपर्यंत हसले. "लिंबानं काम केलं, मास्तर! फक्त दिशा चुकली!" मग हसू एकदम विझलं. "म्हणजे आता संध्याकाळी इथी कोणीच नाई."

निघायच्या आदल्या संध्याकाळी वाटलं, आज तरी सगळं पुस्तक दाखवतील. छे! चित्र एकच. एक माणूस मुळी हुंगून वाघ होतो. परत माणूस होण्यासाठी दुसरी मुळी बायकोच्या हाती दिलेली असते. तिनं ती नाकाला लावायची, एवढंच काम. पण वाघ पाहून बाई मुळीसकट पळून जाते.

"मग?"

"मंग काय? तो अजून वाघच आहे."

"भ्याली असेल बिचारी," मी म्हणालो.

"भ्याली तं भ्याली. मुळी तं ठेवून जायची." भाऊंनी पानात पळसाचं पान ठेवलं आणि गाठ मारली.

अहेरीहून परत यायला मला पुढचा उन्हाळा उजाडला. शाळेच्या कामानं चांद्याला चाललो होतो, वाटेत सावलीला उतरलो. भाऊ वाळले होते. त्यांनी न विचारता दोन कप मांडले, फडकं सोडलं. पळसाचं पान वाळून तांबूस झालं होतं, पण होतं त्याच जागी.

"पुढचं कोणालेच नाई दाखवलं?" त्यांची बोली माझ्याही तोंडात बसली होती.

"कसं दाखवू? तुम्ही मागं राह्यले असते ना."

मोरपीस पुढच्या पानाखाली सरकलं. तेव्हा माझं लक्ष गेलं, वाघाच्या पुढं उरलेली पानं चिमटीत मावतील इतकीच होती. ती संपली, की मग काय? आयुष्यभर पुढचं पान बघायला धडपडलेल्या मी त्यांचा हात धरला. "भाऊ, ती वाघाची गोष्ट मी साफ विसरलो. आज तीच सांगा."

"मास्तर असून इसरता?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग मोरपीस बाजूला ठेवून त्यांनी चहात आणखी पाणी घातलं आणि गोष्ट पहिल्यापासून, अगदी सावकाश सुरू केली.

त्या दिवशी ती बाई बऱ्याच उशिरा पळाली.